खाकी विजारीचा निर्णय : रंगापलीकडचे प्रश्न

हरियाणातील सूरजकुंड येथे ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्यांच्या गृहमंत्र्यांचे चिंतन शिबिर भरले होते. त्या शिबिराला २८ ऑक्टोबर रोजी दूरदृश्य प्रणालीद्वारे संबोधित करताना पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'एक देश, एक पोलीस गणवेश' ही कल्पना राज्यांपुढे मांडली. ही सूचना केवळ विचारार्थ आहे, ती कोणावरही लादली जाणार नाही, असेही त्यांनी त्याच वेळी स्पष्ट केले. त्यानंतर जी चर्चा झाली, ती प्रामुख्याने रंग, ओळख आणि राज्यांचे अधिकार या मुद्द्यांभोवती फिरत राहिली.

गणवेशाचा जो भाग प्रत्यक्ष कामात सर्वाधिक ताण सोसतो, तो म्हणजे विजार. तिचा विचार या चर्चेत अभावानेच झाला. टोपी काही वेळ उतरवता येते, शर्टाच्या बाह्या दुमडता येतात. विजारीला अशी सवलत नाही. बंदोबस्तावरील शिपाई, आगीत शिरणारा अग्निशामक, अपघातग्रस्तासमोर रस्त्यावर गुडघे टेकून बसणारा रुग्णवाहिकेतील सहायक आणि पुराच्या पाण्यातून चालणारा आपत्ती प्रतिसाद दलाचा जवान हे सारे तास न् तास एकाच विजारीत वावरत असतात. ती कशी असावी, हा प्रश्न दिसायला किरकोळ वाटला तरी त्यात आरोग्य, सुरक्षितता, स्त्री-पुरुष समानता आणि सार्वजनिक पैशाचा विनियोग असे चार गंभीर विषय गुंतलेले आहेत.

लांबी आणि हुद्दा

खाकी हा शब्द धूळ या अर्थाच्या फारसी 'खाक'वरून आला. १८४६ साली पेशावर येथे उभारण्यात आलेल्या 'कोअर ऑफ गाइड्स' या पथकासाठी हॅरी लम्सडेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने धुळीच्या रंगाचे कपडे स्वीकारले. तेथून हा रंग सैन्यात आणि पुढे पोलीस दलांत पसरला. मळ लपवणारा आणि परिसरात मिसळून जाणारा रंग, एवढाच त्यामागील व्यावहारिक हिशेब होता. विजारीची लांबी ठरवताना मात्र निराळा हिशेब लावला गेला. अधिकाऱ्याला पूर्ण लांबीची विजार आणि शिपायाला गुडघ्यापर्यंतची चड्डी, ही वसाहतकालीन विभागणी स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षे टिकून राहिली.

महाराष्ट्राला हा इतिहास परका नाही. मुंबईच्या पोलीस शिपायाची निळी अर्धी चड्डी आणि पिवळी टोपी ही शहराची ओळखच बनली होती. दादा कोंडके यांच्या १९७५ सालच्या 'पांडू हवालदार' या चित्रपटाच्या नावाने तर शिपायाला बोलीभाषेत एक टोपणनावच मिळाले. त्या टोपणनावात आपुलकी होती, तसा थट्टेचा सूरही होता, आणि त्या थट्टेला अर्ध्या चड्डीने हातभार लावला होता. बॅरिस्टर अ. र. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, म्हणजे १९८० ते १९८२ दरम्यान, शिपायांना पूर्ण लांबीची विजार मिळाली. त्या बदलाची आठवण आजही काढली जाते, कारण तो केवळ कापडाच्या लांबीचा बदल नव्हता. कनिष्ठ कर्मचाऱ्याला प्रतिष्ठेने उभे राहता यावे, हे त्यातून प्रथमच मान्य झाले होते.

या इतिहासातून एक बोध घेता येतो. विजारीसंबंधीचा निर्णय वरच्या पातळीवर, दिसण्याच्या निकषावर घेतला जातो आणि तिचे परिणाम खालच्या पातळीवर भोगावे लागतात. लांबीचा प्रश्न सुटला. परंतु निर्णयाची ही पद्धत फारशी बदलली नाही.

राज्यांचा विषय, राज्यांचे रंग

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलीस हा राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे गणवेश ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे आहे आणि त्याचे प्रतिबिंब देशभर दिसते. पश्चिम बंगालचे पोलीस खाकी वापरतात, तर कोलकाता शहराचे पोलीस पांढरा गणवेश घालतात. पुदुच्चेरीच्या शिपायाची लाल टोपी फ्रेंच वारशाची साक्ष देते. मुंबईचा वाहतूक पोलीस पांढऱ्या शर्टाखाली खाकी विजार घालतो, तर दिल्लीचा वाहतूक पोलीस निळी. खाकीतही शेकडो छटा आहेत. अनेक ठिकाणी कर्मचारी भत्त्यातून स्वतःच कापड घेऊन स्थानिक शिंप्याकडून गणवेश शिवून घेतात. परिणामी एकाच ठाण्यातील चार जणांच्या विजारी चार छटांच्या दिसतात.

हा विस्कळीतपणा दूर करण्याच्या हेतूने पोलीस संशोधन व विकास ब्युरोने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेकडून गणवेशाचे नवे नमुने तयार करून घेतले होते. सर्व ऋतूंत चालेल असा गणवेश हे त्या प्रयत्नाचे उद्दिष्ट होते. मात्र हे उद्दिष्टच अवघड आहे. लडाखची थंडी, राजस्थानातील उन्हाळा, कोकणातील पाऊस आणि चेन्नईची दमट हवा यांना पुरून उरेल असे एकच कापड कोणत्याही गिरणीत विणले जात नाही. रंगाची एकवाक्यता शक्य आहे; कापडाची एकवाक्यता हवामानाच्या विरुद्ध जाणारी ठरेल.

कापडाचे गणित

विजारीच्या कापडाची निवड सुती आणि पॉलिएस्टर या दोन टोकांमध्ये होत असते. सुती धागा सामान्य हवेत आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टरच्या बाबतीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. म्हणून सुती कापड घाम शोषते आणि अंगाला सुखद वाटते. तेच कापड पावसात भिजले की जड होते, लवकर वाळत नाही आणि चुरगळते. पॉलिएस्टर टिकाऊ असते, इस्त्री धरून ठेवते, लवकर वाळते; परंतु उन्हात ते अंगाला चिकटते आणि जांघेत व कमरेभोवती घामोळे व बुरशीजन्य त्वचाविकारांना वाव देते. दोहोंचे मिश्रण म्हणजे सर्वांच्या परिचयाचे टेरीकॉट. त्यात पॉलिएस्टरचे प्रमाण वाढले की किंमत आणि देखभाल कमी होते, आणि उन्हात उभ्या असलेल्या माणसाचा त्रास वाढतो.

हा त्रास केवळ गैरसोयीपुरता मर्यादित नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या अखेरच्या टप्प्यात उत्तर भारतात तीव्र उष्णतेची लाट होती. त्या वेळी उत्तर प्रदेशातील मिर्झापूर येथे निवडणुकीच्या कामावर आलेले गृहरक्षक दलाचे अनेक जवान दगावले. अशा मृत्यूंमागे वय, आजार, पाण्याची व सावलीची उपलब्धता अशी अनेक कारणे असतात आणि त्यांचे खापर कपड्यावर फोडणे योग्य ठरणार नाही. तथापि, घामाचे बाष्पीभवन हाच शरीर थंड ठेवण्याचा मुख्य मार्ग असताना, तो मार्ग अडवणारे जाड कापड कमरेपासून घोट्यापर्यंत गुंडाळलेले असणे, ही जोखीम वाढवणारी बाब आहे. त्यातच कांजी घालून कडक इस्त्री करण्याची प्रथा कापडाची छिद्रे आणखी बुजवते. संचलनासाठी ही शिस्त शोभते. मे महिन्यातील चौकात ती जाचक ठरते.

या संदर्भात भारतीय सैन्याचा अनुभव मार्गदर्शक आहे. १५ जानेवारी २०२२ रोजी सेना दिनाच्या संचलनात सैन्याने नवा लढाऊ गणवेश सादर केला. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने तयार झालेल्या या गणवेशात सुती व पॉलिएस्टरचे प्रमाण ७०:३० असे ठेवण्यात आले. हलके, मजबूत आणि लवकर वाळणारे कापड, कमरेला जुळवून घेता येणारी विजार आणि महिलांच्या गरजांचा विचार ही त्याची वैशिष्ट्ये होती. पोलीस दलाचे काम सैन्याहून वेगळे असले, तरी आधी गरज आणि मग रूप हा क्रम तेथे पाळला गेला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आगीशी गाठ पडते तेव्हा

कापडाच्या निवडीची खरी कसोटी आगीत लागते. पॉलिएस्टर सुमारे २५० ते २६० अंश सेल्सियस तापमानाला वितळते आणि वितळलेला थर त्वचेला चिकटून जखम खोल करतो. सुती कापड वितळत नाही, परंतु ते पेट घेते. मिश्र कापडात तर सुती धागा वातीसारखे काम करतो आणि वितळलेले पॉलिएस्टर त्यावर इंधनासारखे जळते. म्हणून जमावाच्या हिंसाचारात पेटत्या बाटल्यांना सामोरे जाणाऱ्या पोलिसासाठी नेहमीचे टेरीकॉट ही सुरक्षित निवड म्हणता येत नाही. अॅरामिड वर्गातील धागे वितळत नाहीत, त्यांचा कोळसा होतो आणि तो थर काही मोलाचे क्षण मिळवून देतो. ते महाग असल्यामुळे प्रत्येक शिपायाला देणे शक्य नाही. दंगल नियंत्रण पथकापुरता त्यांचा विचार मात्र करता येण्याजोगा आहे.

अग्निशामकांसाठी हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. मुंबई बंदरात १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर झालेल्या स्फोटांत ६६ अग्निशामकांना वीरमरण आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. मे २०१५ मध्ये मुंबईच्या काळबादेवी भागातील इमारतीला लागलेल्या आगीत अग्निशमन दलाचे चार वरिष्ठ अधिकारी प्राणास मुकले. कोसळणाऱ्या इमारतीपासून कोणतेही वस्त्र वाचवू शकत नाही. परंतु ज्वाळा, वाफ आणि उष्णता यांपासून मिळणारे संरक्षण मात्र पूर्णतः वस्त्राच्या दर्जावर अवलंबून असते. आगीत शिरताना घालायच्या विजारीला बाहेरचे ज्वालारोधक आवरण, मधला पाणी अडवणारा थर आणि आतले उष्णतारोधक अस्तर असे तीन थर लागतात. भारतीय मानक ब्युरोने २०१८ साली अग्निशामकांच्या संरक्षक पोशाखासाठी मानक प्रसिद्ध केले. लहान नगरपालिकांच्या दलांपर्यंत त्या मानकाचा पोशाख पोहोचणे, हे पुढचे आव्हान आहे.

देखभालीचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा ठरतो. रासायनिक प्रक्रिया करून ज्वालारोधक केलेले सुती कापड ब्लीचमध्ये धुतले, तर त्याचा गुण कमी होत जातो. कठीण पाणी आणि साबणाचे कापडात उरणारे अंशही घातक ठरतात. धुराने माखलेली विजार घरी नेऊन मुलांच्या कपड्यांबरोबर धुणे तर सर्वस्वी अयोग्य होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशामकाच्या व्यवसायाचा समावेश कर्करोगास निश्चितपणे कारणीभूत ठरणाऱ्या घटकांच्या गटात केला आहे. पाणी झटकून टाकणाऱ्या काही रासायनिक लेपांविषयीही जगभर फेरविचार सुरू आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०२४ साली केलेल्या कायद्यानुसार २०२७ पासून अशी रसायने मुद्दाम वापरलेल्या अग्निशामक पोशाखाच्या विक्रीवर तेथे बंदी येत आहे. तात्पर्य, केंद्रावरच धुलाईची सोय आणि प्रत्येकी किमान दोन जोड या गोष्टी चैनीच्या नसून संरक्षणाचाच भाग आहेत.

गुडघे, खिसे आणि पट्टे

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २००५ साली तत्कालीन आंध्र प्रदेशात सुरू झाली आणि पुढे अनेक राज्यांनी ती स्वीकारली. महाराष्ट्रात ती २०१४ पासून आहे. या सेवेतील कर्मचाऱ्याला जखमी माणसाजवळ खडीवर, फुटलेल्या काचांवर, चिखलात गुडघे टेकावे लागतात. त्याच्या विजारीला गुडघ्यावर दुहेरी कापड आणि आत गादी सरकवण्याची जागा असणे ही प्राथमिक गरज आहे. रक्त व शरीरद्रव आत झिरपणार नाहीत आणि गरम पाण्यात वारंवार धुतल्यावरही कापड टिकेल, हेही पाहावे लागते. कात्री, हातमोजे व पट्ट्या ठेवण्यासाठी मांडीवरील झाकणाचे खिसे उपयोगी पडतात. मात्र भरलेला खिसा पळताना मांडीवर आदळतो. म्हणून त्याची जागा आणि खोली प्रत्यक्ष वापरून ठरवावी लागते.

पोलिसाच्या बाबतीत कंबर हा कळीचा भाग आहे. पिस्तूल, संदेशयंत्र, काठी आणि बेड्या यांचे वजन पट्ट्यावर येते आणि पट्टा विजारीच्या घरांवर तोललेला असतो. ही घरे अरुंद वा कच्ची असतील, तर पट्टा सरकतो आणि नेमक्या क्षणी हात हत्यारापर्यंत वेळेवर पोहोचत नाही. पाठलागात कुंपण ओलांडताना मियानीची शिवण उसवणे हा विनोदाचा विषय समजला जातो. प्रत्यक्षात तो शिवणीच्या निकृष्ट दर्जाचा पुरावा असतो. मियानीत जोडलेला जादा तुकडा, ताणाच्या जागी दुहेरी टीप आणि कापडात थोडासा लवचिक धागा एवढ्या साध्या उपायांनी ही अडचण दूर होते.

रात्री रस्त्यावर काम करणाऱ्यांसाठी परावर्तक पट्ट्यांचा मुद्दा येतो. आपल्याकडे परावर्तक जाकिटे बऱ्याच ठिकाणी दिली जातात. विजारीवरील पट्ट्या क्वचित दिसतात. हालणाऱ्या पायांवरील पट्टी पाहून समोर माणूस आहे, खांब नव्हे, हे वाहनचालकाला लवकर उमगते. 'ईएन आयएसओ २०४७१' या आंतरराष्ट्रीय मानकातील सर्वोच्च वर्ग केवळ बिनबाह्यांच्या जाकिटाने गाठता येत नाही. त्यासाठी पूर्ण बाह्या किंवा पूर्ण लांबीची विजार आवश्यक ठरते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने २००६ साली स्थापना झाल्यानंतर नारिंगी गणवेशाद्वारे स्वतःची ठळक ओळख निर्माण केली. दिसणे हेही संरक्षण असते, हे त्यातून अधोरेखित होते.

महिलांचे माप

देशाच्या पोलीस दलांत महिलांचे प्रमाण सुमारे १२ टक्के आहे. ते ३३ टक्क्यांपर्यंत न्यावे, असे केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना वारंवार सुचवले आहे. संख्या वाढवण्याचा आग्रह धरताना गणवेशाचा साचा मात्र बहुधा पुरुषी मापाचाच राहतो. कर्नाटकात नीलमणी राजू या पोलीस महासंचालक असताना २०१८ साली महिला पोलिसांनी कामावर साडीऐवजी खाकी शर्ट आणि विजार घालावी, असा आदेश निघाला. साडीत धावणे, दुचाकी चालवणे आणि जमाव आवरणे कठीण जाते, हे त्यामागील कारण सरळ होते.

तथापि साडी जाऊन विजार आली, एवढ्याने काम संपत नाही. पुरुषांच्या मापाची विजार लहान करून दिली, की ती नितंबांवर तंग आणि कमरेला सैल बसते. पट्टा आवळला की पोटावर दाब येतो. महिलांसाठी शिवलेल्या विजारींचे खिसे अनेकदा उथळ असतात आणि संदेशयंत्र वा नोंदवही हातातच धरावी लागते. गरोदरपणात कंबर वाढवता येणारी विजार, मासिक पाळीच्या दिवसांत धीर देणारा गडद रंग व जाड अस्तर, आणि बंदोबस्ताच्या ठिकाणी स्वच्छतागृह मिळाल्यावर सर्व साहित्य उतरवून ठेवावे न लागता वापरता येईल अशी रचना या अपेक्षा अवाजवी नाहीत. 'मापात पाप' ही म्हण वजनकाट्यासाठी वापरली जाते. गणवेशाच्या बाबतीत ती शब्दशः खरी ठरण्याचा धोका आहे.

खरेदीची पद्धत

निवड चांगली असली तरी खरेदी चुकली, तर सारे व्यर्थ जाते. शासकीय खरेदीत सर्वात कमी दराच्या निविदेला प्राधान्य मिळते. २०१६ साली सुरू झालेल्या शासकीय ई-बाजारपेठेमुळे व्यवहारात पारदर्शकता आली. परंतु निविदेत कापडाचे वजन, धाग्यांचे प्रमाण, ताणाची व फाटण्याची मर्यादा, घाम, ऊन व धुलाईत रंग टिकण्याची पातळी आणि आकसण्याचे प्रमाण काटेकोर नोंदवले नसेल, तर स्वस्त माल पारदर्शकपणे निवडला जातो, एवढेच. एक साधा हिशेब पाहता येईल. समजा, एक विजार ६०० रुपयांना मिळाली आणि सहा महिने टिकली, तर तिचा खर्च महिना १०० रुपये पडतो. १००० रुपयांची विजार १५ महिने टिकली, तर तोच खर्च ६७ रुपयांच्या आसपास येतो. स्वस्त विजार प्रत्यक्षात महाग ठरते आणि त्रास वेगळाच.

तयार कपडे द्यावेत की भत्ता द्यावा, हाही जुना वाद आहे. केंद्र सरकारने सातव्या वेतन आयोगानंतर जुलै २०१७ पासून गणवेशाशी संबंधित निरनिराळे भत्ते एकत्र करून वार्षिक पोशाख भत्ता लागू केला. भत्त्यामुळे कर्मचाऱ्याला आपल्या मापाची विजार शिवून घेता येते, मात्र कापडाच्या दर्जावर नियंत्रण राहत नाही. तयार कपड्यात दर्जा राखता येतो, मात्र मापाचा घोळ होतो. मान्यताप्राप्त कापड दलाने पुरवावे आणि शिलाईचा खर्च कर्मचाऱ्याला द्यावा, हा दोहोंमधील व्यवहार्य मार्ग आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चाचणी. कोणताही नमुना मंजूर करण्यापूर्वी वाहतूक शाखा, पोलीस ठाणे, राखीव दल आणि महिला कर्मचारी अशा निरनिराळ्या गटांनी तो किमान एक उन्हाळा व एक पावसाळा वापरून पाहावा आणि त्यांचे अभिप्राय लेखी नोंदवून निविदेच्या अटींत उतरवावेत. वातानुकूलित सभागृहात पुतळ्यावर चढवलेला गणवेश नेहमीच सुबक दिसतो. पुतळ्याला घाम येत नाही.

पुढील दिशा

सूरजकुंड येथील सूचनेचा विचार करताना राज्यांना दोन गोष्टी वेगळ्या करता येतील. नागरिकाला पोलीस ओळखता यावा, यासाठी रंगाची निश्चित छटा आणि चिन्हे समान ठेवता येतील. कापड, वजन, शिवण, खिसे व संरक्षक गुण मात्र प्रदेश आणि कामानुसार वेगळे ठेवावे लागतील. छटा एक आणि प्रकार अनेक, ही तडजोड संघराज्याच्या चौकटीशीही सुसंगत आहे. त्यासाठी केंद्राने किमान दर्जाचे मानक द्यावे, राज्यांनी आपल्या हवामानानुसार निवड करावी आणि कर्मचाऱ्यांच्या अभिप्रायाला त्यात बंधनकारक स्थान असावे.

चार दशकांपूर्वी महाराष्ट्रातील शिपायाला पूर्ण लांबीची विजार मिळाली, तेव्हा त्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न सुटला. आता प्रश्न त्याच्या शरीराचा आणि सुरक्षिततेचा आहे. कायदा व सुव्यवस्था राखणाऱ्या, आगीत शिरणाऱ्या आणि जखमींना उचलणाऱ्या हातांविषयी समाज कृतज्ञता व्यक्त करतो. त्याच माणसांच्या अंगावर रोज बारा-बारा तास राहणाऱ्या कापडाविषयी त्यांना एकदा विचारणे, ही त्या कृतज्ञतेची अगदी साधी आणि कमी खर्चाची सुरुवात ठरेल.